सहा गुरूंच्या हातचं पुस्तक

माझी तीन बाळंतपणं वाया गेली, त्यानंतर मी रामेश्वराच्या देवळात जायचं सोडलं. गाऱ्हाणी घालून घालून तोंड कोरडं पडलं होतं. घरच्या देवांना यजमान फूल वाहायचे, तेव्हा मी तिकडे पाठ करून भाकऱ्या थापत बसायची. देव नाहीच असं माझं म्हणणं नव्हतं. तो आहे, पण त्याला माझ्याशी काही बोलायचं नाही, असं माझ्या मनाने घेतलं होतं. कोणी समजूत घालायला आलं की मी उठून विहिरीवर जायची.

यजमान मिठबावच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आमचे डॉक्टर पोलंड देशाचे. लढाईत घरदार गमावून मुंबईला आले आणि तिथून कुणाच्या तरी शब्दावर आमच्या गावात दवाखाना घालून बसले. धर्माने ज्यू, म्हणजे अलिबागच्या बाजूला ज्यांना शनिवार तेली म्हणतात त्यांच्या धर्माचे. माणूस अगदी एकटा, त्यामुळे दुपारचं जेवण आमच्याकडे. पहिल्या दिवशी सोलकढी औषध समजून नाक दाबून प्याले होते. पुढे पुढे दोन वाट्या मागून घ्यायचे आणि आमच्यासारखंच बोलायचे.

त्यांच्याजवळ एक जुनं पुस्तक होतं. दोनशे वर्षांपूर्वी छापलेलं, काळ्या पडलेल्या कातड्याच्या बांधणीचं. तशा प्रती जगात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्यात, असं ते सांगायचे. पहिल्या कोऱ्या पानावर वेगवेगळ्या शाईत सहा नावं होती. ती सगळी त्यांच्या पंथाच्या गुरूंची, रब्बींची. पंथाचं नाव हसिद. आपल्या भजनी मंडळींसारखे ते देवापुढे गातात, नाचतात. जेवण झालं की डॉक्टर पान उघडायचे आणि एकेका नावावर बोट ठेवून सांगत बसायचे. पहिला रब्बी पाणक्यांना आणि गाडीवानांना शिकवायचा. त्याने पुस्तक मुलाला न देता, बर्फात खिडकीखाली उभं राहून ऐकणाऱ्या एका शिष्याला दिलं. शिष्याने ते जावयाला दिलं. या जावयाचं शेजारगावच्या रब्बीशी वीस वर्षं वैर. पण मरताना त्याने पुस्तक त्या वैऱ्याकडेच धाडलं, म्हणून चौथं नाव वैऱ्याचं. तो वैरी म्हणे पुस्तक छातीशी धरून रडला आणि त्याने ते मेलेल्या माणसाच्या नातवाला परत नेऊन दिलं. तो नातू म्हणजे आमच्या डॉक्टरांचे आजोबा. सहावं नाव वडिलांचं.

"आणि तुमचं?" मी एकदा विचारलं.

"माजा नाव कित्याक, बाय?" ते हसले. "मी देवाशी बोलत नाय."

त्या दिवशी मला फार हलकं वाटलं. रुसलेली मी एकटीच नव्हते.

पंचावन्न सालच्या सुमारास डॉक्टर छातीच्या दुखण्याने गेले. जाण्याआधी त्यांनी पुस्तक यजमानांच्या हाती दिलं आणि सांगितलं, माझ्या माणसांपैकी कोणी आलं तर द्या. मी ते माझ्या लग्नाच्या शालूच्या तुकड्यात गुंडाळून देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवलं. पावसाळ्यात वाळवी लागू नये म्हणून कापूर ठेवायची, दिवाळीनंतर उन्हं दाखवायची. आणि त्याच वर्षी मला दिवस राहिले. पोर जगली. शालन.

झालं, त्या पुस्तकावर माझा जीव बसला. शालनला ताप आला की मी ते तिच्या कपाळाला लावायची. ताप उतरायचा. त्यात काय लिहिलंय याची मला कधी फिकीर वाटली नाही.

शालन तीन वर्षांची असताना परदेशातून पत्र आलं. डॉक्टरांचा एक पुतण्या महायुद्धातल्या ज्यूंच्या संहारातून वाचला होता. आजोबांचं पुस्तक काकांबरोबर होतं, त्याचं काय झालं, अशी त्याने विचारणा केली होती.

यजमान म्हणाले, "अगो, ता पुस्तक आपला न्हय. कळवया तेंका."

मी त्यांच्या पायाशी बसले. "पुस्तक गेला तर पोर जायत माजा," म्हटलं. माणूस मऊ. ते उठून दवाखान्यात गेले. पत्र मी चुलीत घातलं. हे मी आजवर फार थोड्यांना सांगितलंय.

त्यानंतर दोन वर्षांनी, एका शुक्रवारी दुपारी, एक म्हातारे गृहस्थ दारात आले. डॉक्टरांमागे दवाखाना यजमानच जमेल तसा चालवायचे. औषधं आणायला बांद्याला गेले होते, ते दुसऱ्या दिवशी यायचे होते. पाहुण्यांनी आपली ओळख सांगितली. रेऊबेन मास्तर, अलिबागकडचे, शाळेतून निवृत्त झालेले. डॉक्टरांच्या पुतण्याने त्यांना लिहून विनंती केली होती. कसालपर्यंत एस.टी.ने आले आणि पुढे ओळखीच्या एका साहेबांची जीप ड्रायव्हरसकट मिळाली. इतकं शुद्ध मराठी बोलणारा ज्यू मी प्रथमच पाहत होते.

"काळ्या बांधणीचं, जुनं पुस्तक. डॉक्टरांच्या सामानात कुठे पाहिल्याचं आठवतं का?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नाय हो. तसला काय आमच्याकडे नाय."

त्यांनी एकदा देव्हाऱ्याकडे पाहिलं की मला तसा भास झाला, देव जाणे. शहाळ्याचं पाणी प्याले, नमस्कार करून उठले. "सूर्य मावळायच्या आत मालवण गाठायचंय. मग आमचा शनिवार लागतो, प्रवास चालत नाही," म्हणाले आणि गेले.

आत शालन दोन दिवसांच्या तापाने निजली होती. घसा दुखतो म्हणत होती. मास्तर उठले तेव्हा खोकलीही होती, पण माझं लक्ष फळीकडे होतं. जीपचा आवाज दूर गेला तशी तिला खोकल्याची मोठी उबळ आली, आणि तो खोकला ऐकून मी आत धावले. तोंड उघडून बघितलं तर घशात पांढुरका पडदा. कंपाउंडरची बायको मी, घटसर्प मला कोणी सांगायला नको. गावात डॉक्टर नाही, यजमान बांद्याला, दुपारची एस.टी. गेलेली. मी पुस्तक काढलं आणि तिच्या कपाळाला लावलं. छातीला लावलं. तिचा श्वास करवतीसारखा वाजत होता, तो तसाच वाजत राहिला. त्या क्षणी मला कळलं की मी हातात कातड्याचा एक पुठ्ठा धरून बसलेय. मग कितीतरी वर्षांनी तोंडातून आपसूक निघालं, "रामेश्वरा, माजा काय नाय. तुजा आसा ता तूच बघ."

अंगणात जीप थांबली.

मास्तर दारात उभे. धापा टाकत म्हणाले, "बाई, निघताना आत पोर खोकत होती. माझा धाकटा भाऊ असाच खोकत गेला. आचऱ्यापर्यंत पोचलो आणि पुढे जाववेना..."

बोलता बोलता त्यांची नजर माझ्या हातांवर आली. पुस्तक निसटून जमिनीवर पडलं. त्यांनी वाकून ते उचललं, ओठांना लावलं, फळीवर ठेवलं. पुस्तकाबद्दल शब्दही काढला नाही. म्हणाले, "उचला तिला."

सावंतवाडीच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत सगळी वाट खाचखळग्यांची. पोरीचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं, मी पाय धरून बसले होते. मागे सूर्य टेकडीआड जाताना बघून मी म्हटलं, "मास्तर, तुमचो शनिवार लागलो."

"जीव वाचवायचा असला तर शनिवार मोडायचा, असं आमच्यात सांगितलंय. मोडला नाही तरच पाप."

मग मला राहवलं नाही. जाळलेल्या पत्रापासून सगळं सांगितलं. त्यांनी शालनच्या कपाळावरचे केस मागे सारले. "ते आता नको. पोरीला बरं वाटू दे," एवढंच म्हणाले.

दवाखान्यात लगेच इंजेक्शन मिळालं. दुसऱ्या दिवशी दुपारी शालनने पेज मागितली. मास्तर शनिवारभर बाहेरच्या बाकावर बसून पुटपुटत प्रार्थना करत होते. मी बांद्याला चिठ्ठी धाडली होती, ती मिळाल्यावर यजमान आधी पोरीला बघून गेले आणि घरून पुस्तक घेऊन सोमवारी परत आले. मी ते दोन्ही हातांनी मास्तरांपुढे धरलं. मला मान वर करवेना.

त्यांनी पहिलं पान उघडलं आणि एकेक नाव हळूहळू मोठ्याने वाचलं. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "ही बघा, प्रत्येक नावाआधी तीन अक्षरं आहेत. त्यांचा अर्थ, जे काही आहे ते देवाचं. आधी हे लिहायचं, मग आपलं नाव. इथे मालक कोणीच नाही. सगळे सांभाळणारे." आणि खिशातलं पेन काढून पुढे केलं. "तुमचं नाव लिहा."

"माजा? मी तर चोरून ठेवलंय."

"सहा वर्षं कोकणच्या पावसात हे कोरडं कुणी ठेवलं?"

मला रडू आवरेना. म्हटलं, "आधी डॉक्टरांचा लिहा."

मास्तरांनी पेन मागे घेतलं. पुतण्याला काय वाटेल असा विचार बहुधा त्यांच्या मनात आला असावा. मग त्यांनी ती तीन अक्षरं काढली आणि त्यांच्या लिपीत डॉक्टरांचं नाव लिहिलं. त्याखाली पुन्हा तीन अक्षरं काढून पेन माझ्या हातात दिलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. आमच्या बाळबोध अक्षरांत, शिरोरेघ वाकडी होऊ नये म्हणून श्वास रोखून, मी माझं नाव लिहिलं.

शालन मोठी झाली, लग्न होऊन दूर गेली, तिचं बरं चाललंय. ती निघाली त्या दिवशी मी रडले, पण तिला धरून ठेवलं नाही. मास्तरांचं पुढे एक पोस्टकार्ड आलं, पुस्तक पोचल्याचं. आता ते कुणाच्या हाती असेल मला ठाऊक नाही, आणि मी विचारलंही नाही. त्या दुपारी जीप माघारी कुणी वळवली, यावर मी वाद घालत नाही. ज्याने वळवली त्याला माझा रोजचा नमस्कार. आपल्या हाती आलेलं नीट ठेवावं, आणि न्यायला आलेल्याला दारात ताटकळत ठेवू नये, एवढंच मला कळलं. तेवढं कळायलाही फार प्रेमाने शिकवणारं कोणीतरी लागलं.