रग्बीच्या इतिहासाची चिकटलेली पाने

आमच्या ग्रंथालयाचा बाइंडर चाळीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त होत आहे आणि त्याच्याविषयी चार बरे शब्द लिहिण्याची वेठबिगारी, मी ग्रंथपाल असल्याने, माझ्याच गळ्यात पडली आहे. बरे शब्द शोधतो आहे. तोवर एक प्रसंग सांगतो.

तळघरातील त्याच्या खोलीत खळीचा आंबूस वास असे आणि भिंतीवर गावातील खालच्या आळीच्या रग्बी क्लबाचा विटका झेंडा. सार्वजनिक संस्थेत एका क्लबाचा झेंडा शोभत नाही, असे मी तीनदा लेखी कळवले. ती तिन्ही पत्रे त्याने पुस्तकांच्या पाठीला अस्तर म्हणून लावली.

वरच्या आळीचा क्लब आणि खालच्या आळीचा क्लब यांच्या साठ वर्षांच्या वैराचा इतिहास सांगणारे एकच पुस्तक आमच्याकडे आहे. ते खिळखिळे झाले म्हणून त्याच्याकडे दिले. आठ दिवसांच्या कामाला या गृहस्थाने पाच महिने लावले. दर शनिवारी त्याचा थोरला भाऊ, निवृत्त पोस्टमन, काठी टेकत माझ्या टेबलाशी येई.

"साहेब, आलं का पुस्तक? एक डोळा गेलाय, दुसराही चाललाय. दिसतंय तोवर एक पान वाचायचंय."

अखेर पुस्तक आले. तपासतो तर पृष्ठ त्र्याऐंशीनंतर एकदम शहाऐंशी! मी तडक तळघरात गेलो.

"मधली दोन पृष्ठे कुठे आहेत?"

"आहेत की. आजवर एक पान हरवलं नाही माझ्या हातून."

"चिकटली आहेत!"

"खळ सांडते कधी कधी, साहेब."

"चाळीस वर्षांत सांडली नाही, ती नेमकी अंतिम सामन्यावर?"

त्याने ब्रश खाली ठेवला. "दादाची किक आहे त्यात. शेवटचं मिनिट, वारा नाही, गोलाचे दोन खांब अगदी समोर. चेंडू खांबावर आपटून परत आला आणि वरचे एका गुणाने जिंकले. लोक विसरले, साहेब. दृष्टी जाण्याआधी त्यानं शेवटचं हेच वाचायचं?"

मी नियम सांगणार, तोच जिन्यावर काठी वाजली. शनिवार होता.

"गाढवा," जिन्यातून सारे ऐकलेला थोरला दारातूनच कडाडला, "जन्मात माझं नाव छापून आलं ते त्या एका पानावर. तेच चिकटवलंस?"

"दादा, पण पुढे काय लिहिलंय..."

"चुकलो, असं लिहिलंय. चुकलोच होतो! पण त्या पंधरांत होतो, हेही तिथंच लिहिलंय. किटली ठेव."

धाकट्याने शेगडीवर किटली ठेवली. खळ केवळ कडेने, सुतासारखी लावलेली होती. मजकुराला थेंबही लागला नव्हता. वाफेवर पाने सुटली. थोरल्याने पुस्तक दिव्याखाली नाकाशी धरून खालच्या संघाची पंधरा नावे मोठ्याने वाचली. दहावे, स्वतःचे, दोनदा वाचले. धाकटा तोंड फिरवून उगाचच ब्रश धूत राहिला.

माझी तक्रार मात्र कायम आहे. वाफेने ती पाने अशी फुगली आहेत, की पुस्तक कुठूनही उघडा, तो सामनाच समोर येतो. पुन्हा बांधून द्यावे, ही माझी विनंती बाइंडरने सपशेल धुडकावली. वरच्या क्लबाचे वाचक त्याच्यावर बेहद्द खूश आहेत.