ठुमीने अन्न सोडलं

लिफ्टमामा हे नाव त्याला कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण अकरा इमारतींतली माणसं त्याला याच नावाने हाक मारायची. सव्वीस वर्षं तो लिफ्टची देखभाल करत होता. दाराला कान लावला की वरचं चाक तेल मागतंय की दोर झिजलाय, ते तो सांगायचा. माणसांच्या बाबतीत मात्र हा कान जरा मंदच. बायको प्रसूतिगृहात नर्स होती, ती म्हणायची, "यंत्र कण्हलं तर यांना चार मजल्यांवरून ऐकू येतं. मी समोर उभी राहून बोलले तरी मान वर होत नाही."

त्यांची एकुलती लेक नोकरीसाठी परदेशी गेली आणि जाताना आपली ठुमी बापाच्या गळ्यात मारून गेली. ठुमी म्हणजे रंग बदलणारी सरडी. हिरवीगार, डोक्यावर छोटासा तुरा, शेपटीची गुंडाळी. फांदीवरून चालताना एक पाय पुढे टाकायची, तिथेच डुलायची, मग दुसरा. म्हणून ठुमी. जाळीचा उंच पिंजरा, त्यावर उबेचा दिवा, आत फांद्या आणि दोन पानं भरून सूचना, एवढा हुंडा तिने बरोबर आणला होता.

पहिले आठ दिवस मामा तिला घाबरूनच होता. तिचा एक डोळा छताकडे आणि दुसरा थेट त्याच्याकडे. मग एका सकाळी त्याने चिमट्यात रातकिडा धरला. ठुमीने दोन्ही डोळे त्यावर रोखले, तोंड किंचित उघडलं, आणि मामाला कळायच्या आत चिमटा रिकामा. तिच्या अंगाइतकी लांब जीभ बाहेर येऊन परत आतही गेली होती. मामाने चिमटा उलटसुलट करून बघितला. त्या दिवशी कामावर तो भेटेल त्याला सांगत सुटला, "डोळ्याचं पातं लवायच्या आत!" तेव्हापासून घरात रातकिड्यांचा डबा आला आणि बायकोने स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायला सुरुवात केली.

चार महिने सगळं सुरळीत चाललं. पाचव्यात ठुमीने जेवण सोडलं.

पहिल्या दिवशी मामाने मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने रातकिडा बदलून अळी दिली. तिसऱ्या दिवशी खिडकीतली माशी पकडण्यासाठी अर्धा तास टॉवेल घेऊन नाचला. माशी मिळाली, पण ठुमीने तिच्याकडे बघून डोळा फिरवला. पाचव्या दिवशी मामाच्याच घशाखाली घास उतरेना.

"पोरीची आठवण येत असेल तिला," तो म्हणाला.

"तिला येतेय की तुम्हाला?" बायको ताट सारत म्हणाली. "जेवा मुकाट्याने. एका घरात दोन दोन उपाशी नकोत."

पण गोष्ट नुसत्या जेवणाची राहिली नव्हती. ठुमीचा हिरवा रंग काळपट पडला होता आणि त्यावर पिवळे-निळे ठिपके उमटले होते. जन्मात कधी फांदीवरून खाली न उतरलेली ती आता पिंजऱ्याच्या तळाशी फिरायची, कोपऱ्याकोपऱ्यात नखांनी खरवडायची. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात; हिची कुंपणापाशी पोचूनही थांबत नव्हती. तो खरखर आवाज मामाच्या कानात बसला. यंत्राचा असता तर त्याने एका मिनिटात दोष सांगितला असता.

सातव्या दिवशी त्याने अर्धी रजा टाकली, बुटांच्या खोक्याला भोकं पाडली आणि ठुमीला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई वयाने लेकीएवढ्याच. त्यांनी दोन बोटांनी ठुमीचं पोट अलगद चाचपलं, आतल्या खोलीत नेऊन एक्स-रेचा फोटो काढला आणि तो उजेडावर धरला.

"काका, ही आजारी नाही. हे बघा."

फोटोत काड्यांसारख्या बरगड्या होत्या, आणि बरगड्यांखाली दाटीवाटीने गोल गोल गोल. कुणीतरी पिशवीत वाटाणे ठासून भरावेत तसे.

"अंडी?" मामा फोटोवर वाकला. "अहो, पण घरात नर नाही. ती एकटीच असते."

"नर लागत नाही. कोंबडी नाही का कोंबड्याशिवाय अंडी घालत? यातून पिल्लं निघणार नाहीत, पण अंडी तर होणारच. पोटात जागाच उरली नाही, मग ती खाणार कुठे? आणि खरवडतेय ती जागा शोधतेय म्हणून. तिला माती हवी. मिळाली नाही तर अंडी आत अडकतात आणि मग काही खरं नसतं."

"माती देतो. आजच देतो."

"हातभर खोल द्या. वाळू मिसळा, ओलसर करा. मुठीत दाबली तर गोळा राहिला पाहिजे, पाणी मात्र गळता कामा नये. आणि काका, एक सांगते, बघायचं नाही. कुणी बघतंय असं वाटलं तर ती खणणं सोडून देते."

मामाने संध्याकाळपर्यंत मोठी बादली आणली, वाळू चाळली, माती कालवली, दहा वेळा मूठ दाबून बघितली. लिफ्टच्या खालचा खड्डा मापात आहे की नाही हे बघताना तो जेवढा काटेकोर असायचा तेवढाच इथे. बादली पिंजऱ्यात ठेवून चारी बाजूंनी चादर लावली आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी, खोलीच्या दाराबाहेर बसून राहिला.

सकाळी आतून माती उडाल्याचा आवाज आला. बघायचं नाही, बघायचं नाही, असं घोकत त्याने तासभर काढला. मग न राहवून आत जाऊन चादरीचा कोपरा बोटभर उचलला. ठुमी खड्ड्यात खांद्यापर्यंत होती. तिचा एक डोळा गर्रकन वळला आणि मामावर थांबला. ती मागे सरकली, बादलीतून बाहेर आली आणि फांदीवर चढून बसली. दिवसभर उतरली नाही.

दुपारी बायको पाळी संपवून आली तेव्हा मामा डोकं धरून बसला होता. त्याने सगळं सांगितलं. इतके महिने त्या सरडीला हात न लावलेली बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अडलेल्या बाईच्या खोलीत असं कुणी डोकावतं? आमच्या वॉर्डात असतात तर कॉलर धरून बाहेर काढलं असतं. व्हा बाजूला!"

तिने चादर काढून खोलीच्या दाराला जाड पडदा लावला, खिडकी झाकली, रातकिड्यांचा डबा लांब नेला. "आता तिला वाटलं पाहिजे की जगात ती एकटीच आहे," असं म्हणाली. पण रात्री झोपताना हळूच विचारलं, "काही झालं तर कळणार कसं हो?"

तेव्हा मामाला आरसा सुचला. लिफ्टच्या वाटेत डोकं कधी घालायचं नाही, काठीला आरसा बांधून घालायचा, हे त्याचे पहिले उस्ताद शिकवून गेले होते. सकाळी उजाडायच्या आत, ठुमी झोपेत असताना, त्याने तो आरसा पडद्याच्या फटीतून असा तिरका बसवला की आत बादली दिसावी, आणि बोळातला दिवा बंद ठेवला, म्हणजे बादलीतून बाहेरच्या अंधारात कुणीच दिसू नये. मग दोघं बोळात दोन स्टुलांवर बसली.

साडेनऊला ती उतरली. बादलीभर फिरली, एक कोपरा निवडला आणि खणू लागली. पुढच्या पायांनी खणायची, मागच्यांनी माती फेकायची. दर थोड्या वेळाने थांबायची, धापा टाकायची, पुन्हा सुरू. अकरापर्यंत शेपटी तेवढी वर राहिली, बाराला तीही दिसेनाशी झाली. बाहेर आली ती तोंड वर करून, म्हणजे त्या एवढ्याशा बिळात ती आतल्या आत उलटी फिरली होती. मग मागे सरकत पुन्हा आत गेली आणि नुसतं डोकं बाहेर ठेवून स्थिर झाली.

"आता," बायको कुजबुजली. तिला कुणी सांगावं लागलं नाही.

ठुमी डोळे मिटायची, उघडायची. डोक्याजवळची माती किंचित हलायची. बाकी आवाज म्हणून नाही. तीन तास हे चाललं आणि त्या तीन तासांत मामाने एकदाही घड्याळ बघितलं नाही. लेकीने सांगितलं होतं तसा, सरडे वाढवणाऱ्याच्या कारखान्यासारख्या खोलीत, दिव्याखाली, डबीतल्या अंड्यातून निघालेला जीव हा. आईचं तोंड बघितलेलं नाही, कालपर्यंत मातीला पाय लागलेला नाही. बीळ किती खोल, कोन किती, कधी वळायचं, सगळं ठाऊक! मामाला एक साधा ब्रेक बसवायला शिकायला दोन वर्षं लागली होती.

चारच्या सुमारास ती बाहेर आली. पोट आत गेलेलं, कातडी लोंबलेली. आता ती चढून पाणी पिईल असं त्याला वाटलं. पण ती वळली आणि माती परत लोटू लागली. भरायची आणि पायांनी चोपायची, भरायची आणि चोपायची. शेवटी तिथे काही होतं याची खूणही उरली नाही, तरी चोपतच होती. आतून काहीही निघणार नव्हतं, आणि तिने एक कणही ढिला ठेवला नाही.

मामाने बाजूला बघितलं. हजारभर बाळंतपणं केलेली त्याची बायको पदराने डोळे टिपत होती.

"एक हुं नाही हो," ती म्हणाली. "बाईने तोंडातून एक हुं काढला नाही."

ठुमी वर चढल्यावर त्यांनी पडदा काढला. मामाने पानांवर पाणी फवारलं आणि ती थेंब पीत राहिली, दहा मिनिटं, मान वर करून करून. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी अंडी काढायची होती. मामाचा हात पुढे होईना, म्हणून बायकोनेच चमच्याने माती उकरली. एकेक पांढरं अंडं ओंजळीत घेऊन मोजलं. सदतीस.

त्याच दुपारी ठुमीने चार रातकिडे खाल्ले, आणि बायकोने पहिल्यांदाच चिमटा स्वतःच्या हातात धरला.

संध्याकाळी जेवताना मामा मध्येच थांबला. लेकीच्या जन्माच्या दिवशी तो शहराच्या दुसऱ्या टोकाला अडकलेली लिफ्ट सोडवत होता. पोचला तेव्हा सगळं आटोपून पोर दुपट्यात झोपली होती. वजन किती एवढं त्याने विचारलं होतं. पंचवीस वर्षांत त्यापुढे काही विचारलं नव्हतं.

"अगं," तो म्हणाला, "आपली पोर झाली त्या दिवशी... काय काय झालं होतं?"

बायकोने हातातला घास खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. मग तिने सकाळच्या पहिल्या कळेपासून सांगायला सुरुवात केली, आणि लिफ्टमामा ऐकत राहिला.