डावं बटण, उजवी पट्टी

"पंतुलू साब, ये और झुकरी," अन्वरभाई पुढून, चाक धरून, म्हणाला. आवाज नेहमीचाच होता, पण मान ताठ झाली होती.

आमची बोट हुसेनसागर तलावाच्या मधोमध होती. वेग असा की डोळे उघडे ठेवणं कठीण. आणि ती डावीकडे कलली होती. मी मागच्या सीटवर नेमका डावीकडेच बसलेलो. पाणी माझ्या कोपरापासून वीतभर. अन्वरभाईने डॅशबोर्डवरचं उजवं बटण पुन्हा दाबलं. बोट अजून कलली. टूलबॉक्स घसरत येऊन माझ्या नडगीवर आदळला.

"बायाँ दबाओ, बायाँ!" मी ओरडलो.

त्याने डावं दाबलं. बोट हळूहळू सरळ झाली. मग त्याने थ्रॉटल अलगद मागे घेतला. एकदम घेतला असता तर नाक पाण्यात घुसलं असतं. वेग उतरला, बोट पाण्यावर बसली. मग मला राग आला. घाबरलो की मला राग येतो, हा माझा जुना रोग आहे.

"तीस वर्षं बोटी चालवता म्हणे," मी त्याला किनाऱ्यापर्यंत ऐकवत आलो. "डावीकडे कलली तर डावं बटण. एवढी साधी गोष्ट? संध्याकाळी उद्घाटनाला हिच्यात मालकांची मुलगी बसणार आहे, ठाऊक आहे ना?"

त्याने बोट धक्क्याला लावली.

थोडं मागचं सांगायला हवं. सरकारी कारखान्यात बावीस वर्षं डिझेल इंजिनं दुरुस्त केल्यावर मी व्हीआरएस घेतली, म्हणजे मुदतीआधी स्वेच्छेने निवृत्त झालो. ते दिवस उदारीकरणाचे. बाहेरचा माल येऊ लागला होता आणि आमच्या कारखान्याला कुणी विचारेना. काचीगुड्याच्या आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरीत गेलेल्या. मी खाजगीत जातोय म्हटल्यावर मोठ्या भावाने आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. माझा नवा मालक होता एक ग्रॅनाइटवाला रेड्डी. त्याने परदेशातून एक सेकंडहँड स्पीडबोट आणवली होती. लोकांना तलावात चकरा मारवायच्या, असा धंदा. मेंटेनन्सला मी. इथल्या तेलुगू लोकांना मराठी ब्राह्मण दिसला की तो पंतुलू, म्हणजे गुरुजी; आदराने म्हणायचं तर पंतुलूगारू. मी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही, तरी पंतुलू झालो.

चालक अन्वरभाई. साधी मोटरबोट चालवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. या नव्या बोटीसाठी साहेबांनी त्याला मद्रासला, बोट विकणाऱ्याच्या माणसाकडे, पंधरा दिवस शिकायला पाठवलं होतं. या ट्रायलच्या आदल्या दिवशी रात्रीच्या गाडीने तो परत आला.

आणि त्याच आदल्या दिवशी, तो यायच्या आत, मी एक काम करून ठेवलं होतं.

वेगवान बोटीला मागच्या बाजूला, पाण्याच्या पातळीला, दोन स्टीलच्या पट्ट्या असतात. एक डावीकडे, एक उजवीकडे, साधारण पोळपाटाएवढ्या. त्यांना ट्रिम टॅब म्हणतात. पट्टी खाली केली की पळतं पाणी तिच्यावर आपटतं आणि बोटीची ती बाजू वर उचलली जाते. माझ्यासारखा वजनदार माणूस डावीकडे बसला, बोट डावीकडे कलली, की डावी पट्टी थोडी खाली करायची. बोट सरळ. पट्ट्या हलवायला चालकासमोर दोन बटणं.

बोट शेडमध्ये ट्रेलरवर होती. मी डावं बटण दाबलं, तर खाली गेली उजवी पट्टी. उजवं दाबलं, तर डावी. मी खूश. म्हटलं, फॉरेनच्या वर्कशॉपातही आपल्यासारखेच धांदरट असतात. कारखान्यात आमची पद्धत अशी की चूक दिसली की वर विचारत बसायचं नाही. वर विचारलं की फाइल होते, फाइल सहा महिने फिरते आणि मशीन तोवर बंद. गुपचूप दुरुस्त करायचं आणि मोकळं व्हायचं. मी पंधरा मिनिटांत वायरींची अदलाबदल केली. रेड्डीसाहेब सगळ्यांना सांगत सुटले की आमचे पंतुलूगारू फॉरेनवाल्यांच्या चुका काढतात. मीही जरा छाती काढून फिरलो.

ट्रायलहून परतलो तेव्हा साहेब धक्क्यावर उभे होते. बोट कललेली त्यांनी पाहिली होती, आणि माझ्या तोंडाची टकळी तर अख्ख्या किनाऱ्याने ऐकली होती.

"एमायिंदी पंतुलूगारू?" काय झालं, म्हणून त्यांनी विचारलं.

"चुकीचं बटण दाबलं," मी म्हणालो. ते खरंच वाटत होतं मला.

साहेबांनी अन्वरभाईकडे पाहिलं. "मेरी बच्ची बैठनेवाली है इसमें. चाबी दे दो मियाँ, जाओ."

अन्वरभाईने चावी माझ्या हातात ठेवली. "मेरेकू वैसाच सिखाए थे साब," तो म्हणाला. मग जरा थांबून, "शायद मैंच भूल गया." आणि तो पाठमोरा चालू लागला.

संध्याकाळी पाचला उद्घाटन. साहेबांनी दुसरा चालक मागवला. मी ट्रिम टॅब हलवणाऱ्या पंपात कुठलं तेल घालायचं ते पाहायला मॅन्युअल काढलं. तोवर ते उघडलं नव्हतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. त्यात वायरिंगचं चित्र होतं. डाव्या बटणाची वायर उजव्या पट्टीला, उजव्याची डाव्या पट्टीला. शेजारी लिहिलं होतं की हे मुद्दाम केलेलं आहे. चालकाने पट्टीचा विचारच करायचा नाही. बोटीची जी बाजू वर आली असेल, तिकडचं बटण दाबायचं, ती बाजू खाली बसते. अन्वरभाईला मद्रासला हेच शिकवलं होतं. बोट डावीकडे कलली, उजवी बाजू वर आली, त्याने उजवं दाबलं. माझ्या वायरींनी उजवी बाजू अजून वर उचलली.

मी शेडमध्ये स्टुलावर बसून राहिलो.

खरं सांगतो, पहिला विचार काय आला. गप्प बसावं. नव्या चालकाला माझी पद्धत शिकवली की झालं. बोट चालेल, नोकरी राहील, भावाला बोलायला जागा मिळणार नाही. कुणाला कळणारसुद्धा नव्हतं. पण "शायद मैंच भूल गया" हे वाक्य काही केल्या कानातून जाईना. त्या माणसाने माझ्या चुकीचा आळ स्वतःच्या डोक्यावर घेतला होता, आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं.

साहेबांनी दार लावलं. "यहाँ बोले, अब बाहर नक्को बोलो. वायर सीधा करो. नया ड्रायव्हर आ ही रहा है."

"नाही साहेब. अन्वरभाई येणार नसेल तर मीही येत नाही." व्हीआरएसचे पैसे घराच्या छपरात गेले होते.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "पाँच बजे से पहले लेके आओ," एवढंच म्हणाले.

आधी वायरी होत्या तशा जोडल्या, दोनदा तपासल्या. मग स्कूटर काढली. अन्वरभाई बेगम बाजारात सापडला, मेव्हण्याच्या मसाल्याच्या दुकानात. मिरच्यांची पोती मोजत होता. दुकानात गिऱ्हाईकं होती. त्या सगळ्यांसमोर मी सांगितलं की चूक माझी होती, तुमची नव्हती. मिरचीचा ठसका लागून माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते बरंच झालं.

त्याने मोजणं थांबवलं. "मतलब मैं भूला नहीं था?"

"नहीं."

"घर में बोलके आया मैं. बोला, अब हाथ पे भरोसा नहीं रहा, बोट नहीं चलाता." त्याने हात झटकले, मिरचीची पूड उडाली. "पंतुलू साब, वायर तो तुम सीधे कर लिए. एक बार मेरेकू पूछ तो लेते."

मी बाहेर येऊन स्कूटर चालू केली. तो स्कूटरवर मागे बसला.

पाच वाजता उद्घाटन झालं. साहेबांची मुलगी पुढे बसली, हसत परत आली. बोट दोऱ्यासारखी सरळ गेली. साहेबांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

पण त्या दिवसापासून अन्वरभाई प्रत्येक फेरीआधी धक्क्याजवळ बोट बेताच्या वेगात चालवायचा. एकदा डावं बटण, एकदा उजवं. बोट कुठे झुकते ते पाहायचा आणि मगच पूर्ण वेग घ्यायचा. मागे बसलेली पोरं कुरकुरायची, चलो ना चाचा म्हणायची. मी तिथे दोन वर्षं होतो. दोन वर्षांत एकदाही त्याने ते चुकवलं नाही. मद्रासला हे शिकवलेलं नव्हतं, ते त्याला मी शिकवलं.

मशीन चुकीचं वाटलं तर आधी ते चालवणाऱ्याला विचारावं. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम आहे.