‘इथंच गेले आमचे हे!’

जागा दाखवायच्या धंद्यात माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. पायाला चिखल लागावा तसे ते आपोआप लागतात! मंगळवार पेठेत माझं आणि बापूचं एजंटगिरीचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन खुर्च्या, एक फोन आणि बापूचं तोंड. पण नव्वदच्या दशकात पेठेतल्याच एका काकूंच्या घरानं आम्हाला जेवढे किस्से दिले, तेवढे बाकीच्या सगळ्या घरांनी मिळून दिले नसतील.

काकूंचे मिस्टर, रिटायर्ड कंपाउंडर, त्याच घरात वारले होते. एकुलती एक मुलगी वारणानगरला दिलेली, पहिलटकरीण, सहावा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. पण विहीणबाईंनी निरोप धाडला, ‘मयत झालेल्या घरात वर्षाच्या आत सून पाठवणार न्हाय.’ म्हणून काकूंना हे घर विकायचं होतं, दुसरीकडं दोन खोल्या घ्यायच्या होत्या आणि नववा लागायच्या आत पोरीला आणायचं होतं. ‘पोरगी माझ्या हातचं खाऊन बाळंत व्हायला पाहिजे, बास!’ एवढंच त्यांचं म्हणणं.

*

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे गगनबावड्याचे एक गुरुजी, जोडीनं आलेले. भिंतीवर हात फिरवून गुरुजी खूश! ‘आमच्याकडं पावसात भिंतीला शेवाळ धरतंय हो. ही बघा, कशी खडखडीत!’

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. ‘ह्याच भिंतीला कॉट होती. इथंच गेले आमचे हे. असाच चहा पीत पीत!’

गुरुजींच्या बाईंनी कप खाली ठेवला. गुरुजींनी भिंतीवरचा हात काढला.

*

बापूनं काकूंना दम भरला. ‘कुणी इचारल्याशिवाय बोलायचं न्हाय!’

‘बरं.’

पुढचं गिऱ्हाईक जैन व्यापारी, बाप-लेक. पाणी किती वाजता येतं, मीटर कुणाच्या नावावर, गटार कुठं जातं, सगळं विचारून झालं. काकू ओठ घट्ट मिटून उभ्या. घर पसंत पडलं! दोघं बाहेर येऊन चपला घालायला लागले, आणि काकूंना राहवलं नाही.

‘अवो, घरात कोण गेलंय का, ते तुम्ही इचारतच न्हाईसा. मग मी सांगू कसं?’

*

मग बापूनं शेजारच्या अण्णांना पढवून ठेवलं. पुढच्या गिऱ्हाइकानं बरोबर अण्णांनाच गाठलं. ‘काय हो, इथं दोन-चार वर्षांत कोण वारलंय का?’

‘ह्या गल्लीत? छ्या! ह्या गल्लीत कोणच मरत न्हाय, पावणं!’

‘मग म्हातारी माणसं कुठं जात्यात?’

अण्णांनी जरा विचार केला. ‘फिरायला!’

*

एकानं तर लिंबूवाला बाबाच आणला. त्यानं चारी कोपरे हुंगले, मधोमध मांडी घातली आणि डोळे मिटले.

‘एक म्हातारी बाई दिसत्येय. ह्या घरातनं हलायला तयार न्हाय.’

स्वयंपाकघरातनं आवाज आला, ‘ती मीच की! आन् हलायला तयार न्हाय असं कोण म्हणतंय? बापूला इचारा, दोन महिनं झालं हलायला बघतोय मी!’

बाबा लिंबू तिथंच टाकून गेला. काकूंनी त्याचं सरबत केलं. आम्ही प्यालो.

*

त्या दिवशी मात्र बापू चिडला. ‘काकू, जरा खोटं बोलायला काय जातंय तुमचं?’

‘उद्या ज्यानं इथं झोपायचं, त्याला आधी म्हाईत नको व्हय रे?’ असं म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. पोरीला आठवा सरत आला होता. मलाही फार वाईट वाटलं.

*

मग आल्या एक सिस्टर. दवाखान्यात नर्स. काकूंचं सगळं ऐकत त्यांनी चहा संपवला आणि विचारलं, ‘त्रास झाला का हो त्यांना?’

काकूंनी हातातली किटली खाली ठेवली. हे कुणी विचारलंच नव्हतं. ‘न्हाई गं. हसत होते.’

‘मग झालं तर! आमच्या वॉर्डात माणूस गेला की चादर बदलून त्याच कॉटवर दुसरा पेशंट घेतोय. आन् तो बरा हून घरला जातोय!’ मग त्यांनी कप खाली ठेवला. ‘आता माझं ऐका. आम्ही बौद्ध. आडनाव ऐकलं की लोक म्हणत्यात, जागा कालच गेली. तुमचंबी तसंच असंल तर आत्ताच सांगा. चहा पिऊन झालाय माझा.’

‘जागा कुठं जात्येय? गिऱ्हाइकं जात्यात माझी, खरं बोलतोय म्हणून,’ काकू म्हणाल्या. ‘बस खाली. अजून अर्धा कप घे!’

*

घर सिस्टरच्या नावावर झालं. पण काकूंना खोल्या काही मिळेनात, आणि पोरीला नववा लागला. सिस्टर म्हणाल्या, ‘खोल्या कशाला शोधतासा? मयत तुमच्या घरात झाली. आता घर माझं. पोरगीला हितंच आणा!’

ही युक्ती बापूलाही सुचली नव्हती! पण विहीणबाईंना कोण सांगणार? निरोप गेला तशा त्या दुसऱ्याच दिवशी एसटीनं हजर! मी घराचे कागद द्यायला गेलो होतो. विहीणबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

‘विहीणबाई, हे तेच घर की!’ त्या काकूंना म्हणाल्या.

काकूंनी तोंड उघडलं. मिटलं. ‘ते घरमालकिणीला इचारा. मी पावणी हाय हितं!’

सिस्टर ओले हात पुसत बाहेर आल्या. ‘घर माझं. बाळंतपण मी करणार. या, आत बसा.’

विहीणबाईंनी आत नजर टाकली. फळीवरची बुद्धाची मूर्ती बघितली, सिस्टरला बघितलं, काकूंना बघितलं. काकूंचा चेहरा असा, की माझ्याच्यानं बघवेना.

‘तुम्ही बाळंतपणं करता व्हय?’

‘चौदा वर्सं.’

विहीणबाईंनी चपला काढल्या आणि आत आल्या. ‘मग घरमालकीणबाई, सुनेला कधी आणू?’

सिस्टर म्हणाल्या, ‘आज का न्हाय आणलीसा?’