सागवान एक

हिंगण्यातल्या एका कंपनीच्या गेटवर बसणारे नत्थूजी भोयर आधी फौजेत होते, वायरलेसवर. आलेला निरोप जसाच्या तसा परत म्हणायचा, पलीकडून ‘बरोबर’ आलं की मगच तो पोचला, ही तिथली शिस्त. ती घरीही सुटली नाही. "अर्धा किलो वांगे, सांभाराची एक जुडी. बरोबर?" असं ते पिशवी घेऊन दारातून विचारत. त्यावर बायको कौशल्या म्हणे, "अवो, बजारात चालले का लढाईले?"

लग्न नवं असताना त्यांनी तिला पलटणीतले गुप्त शब्दही सांगून टाकले होते. शत्रूनं ऐकलं तरी कळू नये म्हणून जखमी जवानाला ‘बांबू’ म्हणायचं. स्ट्रेचरचे दांडे बांबूचे. मेलेल्याला ‘सागवान’. ते का, हे तिनं विचारलं नाही. पेटीचं लाकूड तिला आपोआप कळलं.

मुलगा दुर्गेश बापाच्याच पलटणीत लागला. एके सकाळी टीव्हीवर त्याच्या चौकीचं नाव आलं आणि त्याचा फोन लागेना. फोन मधे ठेवून दोघं बसून राहिले.

"बांबू असू दे बाप्पा," कौशल्या म्हणत होती. "हात जावो, पाय जावो. बांबू असू दे."

दुपारी फोन वाजला. नत्थूजींच्या हाताखाली शिकलेला महादेवराव, आता तिथला सुभेदार.

"उस्ताद," तो म्हणाला आणि थांबला. सरळ शब्द त्याच्या तोंडून निघेना, म्हणून त्यानं जुना काढला. "सागवान एक. दुर्गेश."

उभ्या नोकरीत नत्थूजींनी एकही निरोप चुकीचा म्हटला नव्हता.

"बांबू एक," ते म्हणाले. "दुर्गेश. बरोबर?"

कौशल्या उठलीच. "जिता हाय माहा लेक!" पलंगाखालची बॅग ओढून ती त्यात हाताला येईल ते कोंबू लागली. "कोन्त्या दवाखान्यात हाय, विचारा नं. काहून चूप बसले?"

"नाही, उस्ताद." पलीकडे महादेवराव रडत होता. "सागवान. परत म्हणा."

म्हटलं नाही तोवर निरोप पोचलेला नव्हता. नत्थूजी फोन कानाला लावून भिंतीकडे पाहत राहिले. मागे बॅगेची चेन लागत नव्हती. कौशल्या गुडघा देऊन ती दाबत होती.

मग ते म्हणाले. अगदी हळू.

"काय म्हनलं?" तिनं विचारलं.

त्यांना ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.