लाल दात, अर्धी दाढी

महागावच्या बाजारातला आमचा न्हावी दिवसभर तोंडात कडुलिंबाची काडी धरून बोलतो आणि दातांच्या निगेवर मी दवाखान्यातर्फे वाटतो त्या पत्रकाला खुशाल वस्तऱ्याचा फेस पुसतो. शेवटी चिडून मी त्याला दातांवरचा मळ लाल करून दाखवणारी गोळी चघळायला लावली.

"माहे दात कवडीवानी हाये, भाऊ!" म्हणत त्यानं आरशात पाहिलं. दात लालभडक! सारं दुकान हसलं. गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून तो शेजारून नवा ब्रश घेऊन आला आणि लाली जाईपर्यंत घासत राहिला.

"अबे, माह्या दाढीचं काय?" गिऱ्हाईक ओरडलं.

न्हाव्यानं माझ्याकडून दुसरी गोळी घेऊन गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवली. "आधी हे चावा, काकाजी. माह्या एकट्याचंच हसं कायले?"

संध्याकाळपर्यंत माझी गोळ्यांची डबी रिकामी झाली. पत्रकं मात्र अजून फेस पुसायलाच लागतात.