राणीचं लुगडं आणि माझी ओटी

आमच्या घराण्यातली एक लेक कधीकाळी राजघराण्यात दिली होती. राणी झाली म्हणे. पुढं ती गेली, राज्यं गेली, आमची पिशोरकडची देशमुखी नावापुरती उरली. पण माझ्या वडिलांनी, आबांनी, राणीचं माहेर काही बंद केलं नाही. दरवर्षी दिवाळीच्या आधी गुलमंडीच्या बाजारातून एक जरीकाठी लुगडं आणायचं आणि कुरिअरनं राजवाड्यावर धाडायचं. तेही खणानारळासकट! कुरिअरवाला नारळ घेत नसे आणि आबा त्याच्याशी कडाकडा भांडत. तिकडून कधी एक चिटोरं आलं नाही. "लेक दिली ती दिली. माहेर तुटत नसतं," आबा म्हणायचे.

हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. माझं तुटलं होतं ना! वाळूजला कंपनीत शिफ्ट करणाऱ्या पोराशी मी माझ्या मनानं लग्न केलं. पोरगा पाव्हण्यातलाच, पण देशमुख नाही. आबा मांडवात आले, अक्षता टाकल्या आणि माझ्या सासरचा पाण्याचा घोटही न घेता निघून गेले. त्यानंतर ना सण, ना बोलावणं. मधे पडायला आई नव्हती, भाऊ पुण्यात, बिनलग्नाचा. मेलेल्या राणीला लुगडं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला नांदणाऱ्या लेकीला साधं 'ये' नाही! मी पण त्यांचीच पोर. बोलावल्याशिवाय जायचं नाही, म्हटलं. भाऊबिजेला मात्र भांडी आपटून आपटून घासायचे आणि रडायचे.

अशा तीन दिवाळ्या गेल्या. परवाच्या वसुबारसेला दुपारी आबांचा फोन आला. काही बरंवाईट झालं की काय, म्हणून हातातलं काम टाकून उचलला.

"आगं, राणीच्या घरची लेक आलीय!"

"कोण?"

"राजघराण्यातली. वेरूळ बघायला आल्या होत्या. पार्सलवरच्या नंबरला फोन केला आन् आल्या. चहा झाला, फराळ झाला. आता निघते म्हणतेत."

"मग निघू द्या की."

"आजोळ हाय त्यांचं हे! आजोळाहून पोर रिकाम्या ओटीनं जाती व्हय? घरात सवाष्ण नाय." मग म्हणाले, "तू ये."

"शेजारच्या काकूंना बोलवा."

"घरची लागती, माय."

घरची! आत्ता आठवलं का, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण पाय आधीच चपला शोधत होते. रात्रपाळी करून झोपलेल्या नवऱ्याला हलवून उठवलं आणि गाडीवर बसले. दारात पोचल्यावर तो म्हणाला, "मी गाडीपाशीच थांबतो."

राणीच्या घरची म्हणजे नाकात नथ, डोईवर पदर, असं काहीबाही मनात होतं. सोफ्यावर बघते तर जीन्स-कुर्त्यातली दातांची डॉक्टर, मजेत चकली खात बसलेली! ती आबांना "मामा" म्हणत होती आणि दर हाकेला आबा खुर्चीतून अर्धे उठत होते.

"मामा, तुमची लुगडी आमच्या आत्या पूजेला नेसतात," ती म्हणाली. "पार्सल आलं की सगळं घर म्हणतं, मामाकडचं आलं." आबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

कुरिअरसाठी बांधून ठेवलेलं लुगडं मी सोडलं. तिनं ओढणी पसरली. तांदूळ, खण, नारळ, लुगडं, सगळं नीट घातलं, कुंकू लावलं. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात ती विचारते, "ताई, तुमची ओटी कोण भरतं हो?"

"माझं माहेर जरा लांब पडतं," मी म्हटलं. "राजवाड्याहून लांब."

आबा चष्मा लावून उठले. तिला गाडीपर्यंत सोडायला गेले, तिथं माझा नवरा उभा होता. त्याला नुसतं "बरंय?" म्हणाले. आम्हीही निघालो. वाटेत नवरा म्हणाला, "बोलले की गं!" आणि आम्ही दोघं गाडीवर खुळ्यासारखे हसत सुटलो.

भाऊबिजेला सकाळी दार वाजलं. आबा! सिटी बसनं आलेले, घामाघूम, हातात गुलमंडीची पिशवी. आत तसंच जरीकाठी लुगडं, खण, आणि नारळ.

"कुरिअरवाला नारळ घेत नाय," ते म्हणाले. "म्हणून सोता आलो."

मी दारातून बाजूला झाले. नवऱ्यानं खुर्ची पुढं केली, ते बसले. घराकडं सगळीकडं बघून घेतलं.

"पाणी दे."

"नळाचंय. आठवड्यातून एकदा येतं, साठवलेलं. देशमुखांना चालंल का?"

"दे म्हन्लं ना."

अख्खा तांब्या घटाघटा प्याले, मिशा पुसल्या आणि रिकामा तांब्या जावयापुढं धरून म्हणाले, "आजून आणा."